हेडविकासाठी दिलेली अळंबी

नाव : व्लास्ता ह्रुबेशोवा. वय ६३ वर्षे. व्यवसाय : पोस्टातील कारकून, आता निवृत्त. राहणार त्रेबीच. सध्या मुक्काम प्राग, नदीकाठी भाड्याची खोली, चार दिवसांसाठी. दिनांक १७ ऑक्टोबर, दुपारी २.५०.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, माझा नवरा लुबोश (वय ६६) व मी परवा सहलीसाठी येथे आलो. कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षे तो घरात तोंड मिटून बसलेला असे. इथे आल्यावर खुलला. काल आम्ही होडीतून फिरलो, भाजलेले बदक खाल्ले. पुलावर त्याने माझा हात धरला.

आज सकाळी नऊच्या सुमारास नदीवरच्या टेकडीवरील बागेत गेलो. ओकच्या झाडांखाली लुबोशला हिरवट छत्रीच्या होलुबिंका दिसल्या. ही अळंबी आमच्याकडे घरोघरी खातात. मी म्हटले, "अरे, राजवाडा बघायला आलोय ना आपण?" तो म्हणाला, "राजवाडा कुठं पळून जातोय? अळंबी उद्या किडेल." सहलीलाही खिशात चाकू घेऊन येणारा माणूस तो.

तो देठ छत्रीच्या अगदी लगत कापतो. बूड मातीत राहिले की पुढच्या वर्षी पुन्हा उगवते, असे त्याचे म्हणणे. मी पिरगळून बुडासकट काढते. यावरून आमचे चाळीस वर्षे भांडण आहे.

दहा वाजता बाकावर कुबडी घेतलेले एक गृहस्थ भेटले. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्यावर तपकिरी टोपी. नाव विचारले नाही. ते म्हणाले, "काय पाहुणे, प्रागला येऊन अळंबी? आम्हाला काही ठेवाल की नाही?" मग म्हणाले, "पाय गेल्यापासून रान बघितलं नाही हो. आज आमच्या हिचा नावदिवस. चारला पोरं यायचीत. अंड्यात परतून दिली तर म्हातारी खूश होईल." लुबोशने अर्धी थैली त्यांच्या टोपीत ओतली. "घ्या, बिनधास्त खा. पन्नास वर्षं वेचतोय मी."

उरलेली अळंबी मिरवायला तो साडेबाराला शहरातल्या तपासणी-खिडकीवर गेला. तिथे कोणाचीही अळंबी फुकट पाहून देतात. तिथल्या बाईंनी एक छत्री बाजूला काढली. "हिचा देठ कुठाय?"

"कापला."

"ही होलुबिंका नव्हे. एवढी एक घरभर माणसांना मारायला पुरे आहे. आणखी कुणाला दिलीत?"

लुबोशने बाकावरच्या गृहस्थांचे सांगितले. बाईंनी सांगितले की खाल्ल्यावर कित्येक तास काही वाटत नाही, आणि वाटू लागते तेव्हा यकृत गेलेले असते. आम्ही बाकाकडे धावलो. तिथे कोणी नव्हते.

येथील साहेबांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली; तिच्यात प्रत्येक तारखेला एक नाव असते आणि त्या नावाची माणसे तो दिवस वाढदिवसासारखा साजरा करतात. आजचा नावदिवस हेडविका. या भागात सत्तरीपुढच्या अकरा हेडविका आहेत. पोलीस दारोदार गेले आहेत, रेडिओवरही सांगितले आहे. सात दारे झाली, त्यांपैकी कोणी नाही. आणखी दोन ठिकाणी दार उघडले नाही. आता ३.१५ झाले आहेत. मला फार भीती वाटते.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, लुबोश झाडाखालून पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिले. कापलेल्या देठाच्या बुडाशी अंड्याच्या टरफलासारखे पांढरे आवरण होते. होलुबिंकेला ते नसते, हे मला माहीत आहे. लुबोश शीळ घालत होता. दोन वर्षांत मी ती ऐकली नव्हती. मी बोलले असते तर त्याने चाकू मिटला असता आणि पुन्हा गप्प झाला असता. खोलीवर गेल्यावर गुपचूप काढून टाकीन, असे मी ठरवले. नंतर तो त्या गृहस्थांच्या टोपीत अळंबी ओतत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. ती आपल्याच अर्ध्यात असेल, असे मनाशी म्हटले.

लुबोश बाहेरच्या बाकावर बसून सगळ्यांना सांगतो आहे की विषारी एकच असणार आणि ती आपल्याकडेच निघाली. तसे नाही. पांढरी बुडे मी दोन पाहिली होती.

जबाब मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे. वाचण्यापूर्वी दार लावून घ्यावे, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. वाचलेला मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : व्लास्ता ह्रुबेशोवा