हिच्या कोटाची शिवण

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्व डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकघरातली मंडळी आणि खुर्ची न मिळाल्याने मागे उभे असलेले सगळे जण, नमस्कार.

इस्पितळातून आज निवृत्त होणाऱ्या तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंचा मी नवरा. धंद्याने शिंपी. मला माप घेता येतं, भाषण करता येत नाही. 'दोनच शब्द बोला' म्हणून मला उभं केलंय. शिंप्याचं 'दोन दिवसांत देतो' जितकं खरं, तितकेच हे दोन शब्द धरा.

अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केलं, की ही उद्यापासून मानद सल्लागार म्हणून रोज येत राहणार. टाळ्या झाल्या. हिने मान डोलावली. मला त्यावरच बोलायचंय, पण आधी बायकोचं थोडं कौतुक करू द्या.

हिच्या नोकरीपायी आमच्या घरात तेला-लोण्याची किती सरकारं आली आणि पडली! ही नवी होती तेव्हा सगळीच चरबी वाईट. लोकांनी लोणी सोडलं आणि बिनचरबीची म्हणून गोड बिस्किटं पुडेच्या पुडे फस्त केली. मग लोण्याच्या जागी मार्गरिन, म्हणजे तेल घट्ट करून केलेलं नकली लोणी आलं. पुढे कळलं, तेल घट्ट करताना त्यात जी ट्रान्स चरबी तयार व्हायची, ती लोण्याहूनही वाईट. वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगलं उतरवते. त्याच पेशंटना हिने पुन्हा बोलावून सांगितलं, "मागचं विसरा." एक आजोबा भडकले, "बाई, आधी तुमचं नक्की ठरवा, मग आमच्या ताटात हात घाला!" त्या संध्याकाळी ही चपलाही न काढता नुसती बसून राहिली होती.

पण नंतर सांगितलं ते टिकलं. लोणी-मलई कमी, त्याऐवजी बियांचं तेल, अक्रोड, मासे. आणि तेल कितीही गुणी असलं तरी चमचा मोजून, कारण वजन वाढवायला सगळी तेलं सारखीच. हिचं ऐकणारे पेशंट माझ्याकडे पँट आवळून घ्यायला यायचे. संसाराला दोन्हीकडून हातभार लागला म्हणायचा.

हिचा पांढरा कोटही मीच शिवतो. तो मात्र दर वर्षी कमरेत सैल करत आलो. का, ते काय विचारायचं? दुपारी पेशंटची रांग संपायची नाही. मग चहाबरोबर क्रीमची बिस्किटं, नाहीतर कँटीनमधलं काहीतरी तळलेलं, तेही उभ्या उभ्या. मी दिलेला डबा तसाच परत यायचा. विचारलं की, "राहिलं रे आज. उद्या नक्की खाते."

गेल्या महिन्यात हिचा रिपोर्ट आला. यकृतात चरबी साचलीये, साखर काठावर आहे. सांगू ना गं? बघा, मान डोलावली. हिला दुसरं काही येतच नाही!

अध्यक्ष महोदय, हिच्या वतीने नकार देणारा मी कोण? पण ही फार दमलीये आणि मला भीती वाटते. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं कापड संपलंय. आता तो कोट आणखी सैल होणार नाही.

म्हणून तुलाच विचारतो. हाच रिपोर्ट घेऊन एखादी बाई तुझ्यासमोर बसली असती आणि म्हणाली असती, 'उद्यापासून पुन्हा कामावर जाते,' तर तू तिला काय सांगितलं असतंस?

तुम्ही इतक्या लोकांनी हिच्यावर इतकी माया केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुठे टाका चुकला असेल तर पदरात घ्या. आणि अध्यक्ष महोदय, हिचं उत्तर आत्ता मागू नका. उद्या दुपारी कळवेल. आधी जेवेल. बसून.