उंबऱ्यावरचा पेला

शास्त्रज्ञ भाऊ निवडणुकीला उभा, म्हणून थोरली बहीण सकाळीच मतदानाच्या रांगेत येऊन उभी राहिली होती. पुढच्या दोघी तिला ओळखत नव्हत्या.

"त्या शास्त्रज्ञाला देणार ना गं मत?"

"छे. प्रचाराला दारात आला, मी नळाचं पेलाभर पाणी पुढे केलं, तर प्यायला नाही."

"अठरा वर्षं परदेशात काढलेला माणूस. आपलं पाणी कसं चालेल?"

"आधीचा आमदार सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला होता. यानं बाटलीत ओतलं, वर तारीख घातली आणि घेऊन गेला."

"असल्या बाटल्यांपायीच परागंदा व्हावं लागलं म्हणे त्याला. कारखान्याचं पाणी तपासलं होतं."

"असेल. आठ दिवसांनी त्याची चिठ्ठी आली, पाणी उकळून प्या म्हणून."

"मग?"

"उकळते की. तेव्हापासून धाकटीचं पोट एकदाही बिघडलं नाही."

"तरी मत नाही?"

"दारातलं पाणी नाकारलं बाई त्यानं. कसं विसरू?"

ऊन चढलं होतं. बहिणीनं कपाळ टिपलं, तशी तीच बाई मागे वळली.

"घ्या मावशी, दोन घोट घ्या. बिनधास्त प्या, उकळलेलं आहे."

बहिणीनं बाटली तोंडाला लावली, ती रिकामी करूनच परत दिली.