मधोमध ठेवलेला खटका

सुट्या भागांच्या दुकानात शाळेतल्या बाई रांगेत उभ्या होत्या. पुढे बापलेक. बाईंनी कान टवकारले.

"बाबांच्या घरच्या स्विमिंग पूलचं पाणी गरम टबाकडे वळवणारा व्हॉल्व्ह सारखा अडकतो. ही त्याची मोटर," मुलगा दुकानदाराला म्हणाला.

"मोटर ठणठणीत आहे, साहेब. मागचा खटका मधोमध आहे, म्हणजे बंद."

"अहो, रविवारी मीच चालू करून आलो!"

"त्याआधीच्या रविवारीही केला होतास," वडील म्हणाले.

"मग आपोआप बंद होतो की काय?"

"छे हो! बोटाने दाबल्याशिवाय हलत नाही तो," दुकानदार म्हणाला.

"बाबा, घरात तर तुम्ही एकटेच असता."

"हो ना."

"मग?"

"मला काय कळतंय त्यातलं? तू आपला या रविवारीही येऊन बघ."