पुढच्या चौकापर्यंत

आमची बस थांब्यावर थांबली, तशी वह्या छातीशी धरलेली एक मुलगी धावत चालकाच्या खिडकीखाली आली.

“बाबा, आज उशीर झाला?”

“फाटक लागलं गं. जेवलीस?”

“हो. आई काय म्हणाली?”

“पोरगी वाळली का बघून या म्हणाली.”

“मग?”

“वाळलीस.”

“बाबा, तुम्ही रोज समुद्रापर्यंत जाता. मला एकदा न्या ना.”

“उद्या पेपर आहे ना?”

“आहे. पण तुमची बस गेली की वसतिगृहात माझं मनच लागत नाही. निदान चौकापर्यंत तरी?”

“चढ. पण चौकात उतरायचं.”

मी सरकून तिला जागा दिली. ती समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिली.

“बाबा, चौक मागे गेला.”

“दिसला मला. पुढच्या चौकात उतर.”