कणगीतली वायर

घोडेगावच्या स्टँडवर राहुरीच्या गाडीची वाट बघत दोन बायका माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"राहुरीला काय काढलं, शेवंताबाई?"

"सासूबाईंना लुगडं घ्यायला चाललेय. आमची अलका दहावी पास झाली."

"पास पोरगी झाली, अन् लुगडं सासूला?"

"ऐक तर. घरात टीव्ही आला अन् पोरगी त्याच्यापुढनं हलंना. तव्यावर भाकर जळायची, पन हिची मान वळायची न्हाई. त्यात आमच्या शिंगणापुरात घराला दार न्हाई, सगळी आळीच येऊन बसायची."

"टीव्हीला शटर असतंय की. कुलूप घालायचं."

"मी बी तेच म्हनलं. सासूबाई म्हनल्या, दाराला न्हाई ते टीव्हीला कशाला? अन् चार दिसांनी अँटिनाची वायरच गायब."

"तुमच्या गावात चोरी?"

"मी लई घाबरले. मग दळनाला जवारी काढताना कनगीत हाताला लागली. म्हातारीचंच काम."

"मग काय म्हनलात त्यांना?"

"काय म्हनायचं? वरनं जवारी लोटली. वर्षभर आमी दोघी गप. काल निकाल लागला, तर अलका आजीच्या पाया पडून म्हनती, आता कनगीतली वायर काढ."

"म्हंजी तिला ठावं हुतं?"

"पहिल्यापासनं. मी म्हनलं, मग काढून लावली का न्हाईस गं? तर म्हनली, आई, तुला गावलेली तू परत पुरलीस, ते मी बघत हुते. मग मी कशी काढू?"