दामूचं चोंदलेलं नाक

आमच्या दामूचं लग्न कुठं अडलं, ठाऊक आहे? नाकात! कल्याणच्या एका हरिदासबुवांना कीर्तनात मागे उभा राहून गाणारा जावई हवा होता, आणि दामूचं नाक कायम चोंदलेलं. अंगमेहनत केली की मात्र घटकाभर मोकळं व्हायचं.

डोंबिवलीहून चालत गेलो, तेव्हा नाक साफ होतं. पण ओसरीवर बुवांच्या गप्पाच संपेनात. नाक चोंदलं की दामू तांब्या घेऊन परसात पळायचा, बैठका मारून घामाघूम परत यायचा.

शेवटी गायला. काय गायला! दाराआडची मुलगीसुद्धा डोळे पुसत होती.

बुवा माझ्या कानाशी म्हणाले, “गळा सोन्याचा हो, पण याला हगवण दिसते. भर कीर्तनातून उठला तर?”

नाकाचं सांगितलं असतं, तरी नकारच होता. मी दामूला घेऊन उठलो.

आता म्हातारा झालेला दामू एकटाच राहतो. अजून विचारतो, “खरं सांग रे, कुठं बेसूर झालो मी?”