पाटीपलीकडची फुलं

— अगं, धुवायची नाहीत! धुतलीस की संपलं. ती पिवळी धूळ दिसते ना, सगळा वास तिच्यातच. नुसती झटकायची, फडक्यावर पालथी ठेवायची, किडे आपापले चालते होतात. सारायेव्होत कुणी शिकवलं नाही का? असू दे. झोवाच्या या पांढऱ्या फुलांचं सरबत उतावळ्या बाईचं काम नव्हे, पोरी. चाळीस घोस, चार लिटर पाणी, लिंबाच्या चकत्या, थोडं लिंबूफूल — आणि मग दोन दिवस झाकून गार जागी. हात लावायचा नाही. मग गाळायचं, साखर घालून चुलीवर ढवळायचं. बस. माझी विद्या काही नाही, सगळं फुलांवर असतं.

हो, मोठे आहेत. सगळेच विचारतात — देव्लेता, तुझेच घोस असे ताटाएवढे कसे? दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही म्हणून. ती लाल पाटी दिसते का, कुरणाच्या टोकाला, कवटी काढलेली? तिच्या पलीकडचे आहेत हे. लढाईत सुरुंग पेरले, ते काढणारे येणारेत, येणारेत — वीस वर्षं ऐकतेय. घाबरतेस काय? फुलांना काय ठाऊक खाली काय आहे ते. आणि मला वाट माहीत आहे. आमची गाय होती, रुमेंका, ती रोज आत जायची नि धड परत यायची. तिच्या खुरांवर पाय ठेवत ठेवत मी शिकले. बीचच्या झाडाशी डावीकडे वळायचं, मग दगडादगडांवरून. उजवीकडे मात्र — नाही.

झुल्फोही विचारायचा वाट. झुल्फो म्हणजे माझा धाकटा दीर. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझा अव्दो आणि हा, दोघे भाऊ जंगलातून डोंगरापलीकडे निघाले. आठव्या दिवशी झुल्फो एकटा आला. म्हणाला, “वहिनी, दादाला ताप चढला. माझ्या मांडीवर गेला.” पायात अव्दोचे बूट. म्हटलं, मेलेल्याला बूट कशाला, बरंच केलं. त्याच्या पायांना फोड आलेले, मीच ते कोमट पाण्यानं धुतले — या हातांनी. वीस वर्षं त्याला कॉफी करून घातली. ईदला बकलावा पहिला त्याच्या घरी. बायको गेली त्याची, तेव्हा तिला न्हाऊ घातलं ते मी.

मग पुतणीचं लग्न आलं. आलुबुखाराची दारू चढली त्याला, शेजारी येऊन बसला, रडायलाच लागला. “ताप नव्हता गं वहिनी. पाय मोडला होता दादाचा. किती वाहून नेणार? बूट काढले तेव्हा जागा होता तो. लांबपर्यंत हाका मारत होता — झुल्फो, झुल्फो.” वाजंत्री चाललेली. डोळे पुसले त्यानं नि म्हणाला, “बरं वाटलं सांगून.”

त्याला बरं वाटलं.

पुढच्या जूनमध्ये टोपली घेऊन दारात उभा. नातीला खोकला होता, सरबत करायचं होतं. “वहिनी, तुझी ती वाट साफ आहे ना?” म्हटलं, “मी रोज जाते.” आता सांग, खोटं बोलले का? रोजच जात होते. साफ आहे असं मी म्हटलंच नाही. डावीकडे वळ, एवढं सांगायचं राहिलं. राहतं माणसाचं. वयही झालंय. आणि मी चुलीपाशी होते, नुकती साखर टाकलेली, सोडली तर तळाला लागते. आवाजसुद्धा फार मोठा नव्हता, जड दार आपटावं तसा. कप किणकिणले. मी ढवळत राहिले — मध्येच थांबता येत नाही, नाहीतर खडे राहतात. पोलिसांनी लिहून नेलं, अपघात. अपघातच! म्हाताऱ्याला पाटी वाचता येत होती की. शिवाय मी काय त्याला ढकललं? आपल्या पायांनी गेला. कुरण ओलांडलं, टोपी काढून घाम पुसला, बीचशी थांबला. जरा घुटमळला. मग वळून घराकडे बघितलं, उजवीकडे हात केला, “इकडून ना?” असं विचारल्यासारखा — आणि मीही हात —

काय?

चुलीपाशीच होते. म्हटलं ना, चुलीपाशी होते.

अशी बघू नकोस माझ्याकडे. ऊठ. तुझी बस येईल आता. बाटल्या पायरीवर ठेवल्यात, हव्या तर ने, नको तर राहू देत.

जा.